प्लॅटिनम, टंगस्टन आणि टाकीचं पाणी

आमच्या कॉलेजात प्लॅटिनम निघालं, ही बातमी मला बसस्टँडवरच्या चहावाल्याकडून कळली. ब्रह्मपुरीच्या त्या कॉलेजात भौतिकशास्त्र विभागाचा प्रयोगशाळा परिचर म्हणून मी तेहतीस वर्षं काढली, पण त्या सकाळी चहावाल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. "रशीदभाऊ, किती किलो निघालं म्हंता?" असं विचारत त्यानं माझ्यापुढे पेपर टाकला. आतल्या पानावर मथळा होता, 'ब्रह्मपुरीत जड धातूंवर संशोधन'. खाली लिहिलं होतं की महाविद्यालयात प्लॅटिनम आणि टंगस्टन या धातूंचा शोध सुरू आहे. 'शोध' या शब्दाचा अर्थ बातमीदारानं आपल्या परीनं लावला होता.

प्लॅटिनम आमच्याकडे होतं, हे खोटं नाही. सगळं खरवडून एका जागी केलं असतं तर मुंगीच्या एका पायाला पुरलं नसतं, एवढं होतं.

त्या बातमीनंतर पंधरा दिवस माणसं येत राहिली. प्राचार्यांनी विभागाला दुसरं कुलूप लावलं, त्यामुळे तर लोकांची खात्रीच पटली. धानोऱ्याकडचे एक म्हातारे गृहस्थ दुपट्ट्यात गुंडाळलेला काळा दगड मांडीवर घेऊन दोन बस बदलून आले. "जड आहे का नाई, हातात घेऊन पाहा," म्हणाले. मी घेतला. जड होता. "मंग जड धातूच झाला ना!"

आमच्या विभागप्रमुख रामटेके मॅडम. माजरीच्या कोळसाखाणीत वडिलांची नोकरी होती, त्यामुळे दगडाला हसायचं नसतं हे त्यांना लहानपणापासून माहीत. त्यांनी तो दगड धुतला, तोलला, चुंबक लावून पाहिला आणि म्हणाल्या, "काका, हे लोखंडाचं किट्ट आहे. आपल्या जंगलात आधी लोक भट्ट्या लावून लोखंड गाळत होते. त्यातून उरलेलं आहे हे."

"म्हंजे आमच्याच आज्या-पंज्यानं केलं हे?"

"असंल बहुतेक."

म्हाताऱ्यानं दगड आणला होता त्याहून जपून पुन्हा गुंडाळला. "मंग ठेवतो घरीच," म्हणाले, आणि चहा घेऊन गेले.

आता परिचर काय करतो ते सांगतो. नियमात लिहिलंय की उपकरणं पुसणं, मांडणं आणि कुलूप लावणं. पण वरोऱ्याला माझ्या अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि दहाव्या वर्षापासून माझ्या हातात डाक द्यायचं सोल्डरिंग आयर्न होतं. त्यामुळे विभागात जे काही बंद पडायचं ते माझ्या टेबलावर यायचं, आणि विभागाबाहेर जे बंद पडायचं तेही. प्राचार्यांच्या घरचा मिक्सर मी किती वेळा उघडला याची नोंद कुठल्याच नोंदवहीत नाही.

मॅडमकडे पल्लवी गेडाम नावाची मुलगी पीएच.डी. करायला आली, तेव्हा माझ्या नोकरीची शेवटची दीड वर्षं उरली होती. ती कुरखेड्याच्या पुढच्या गावची. सकाळी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवायची आणि दुपारी आमच्याकडे यायची. विषय होता जड धातूंमधला स्पिन हॉल परिणाम. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, "बाई, मले आधी हे समजावून सांग. जे समजत नाई त्याले मी वायर जोडत नाई."

तिनं मला समजावलं ते बसस्टँडवर नेऊन. खरंच नेलं. बस लागली, माणसं उतरली. "पाहा भाऊ," ती म्हणाली, "आरमोरीकडं जाणारे डाव्या हाताले वळले, नागभीडकडं जाणारे उजव्या हाताले. कोणी ढकललं का त्याह्यले? आपापले वळले. इलेक्ट्रॉनचं तसंच आहे. प्रत्येकाले एक स्पिन असते, वर नाहीतर खाली. जड धातूतून करंट गेला का वर स्पिनवाले एकीकडं वळतात, खाली स्पिनवाले दुसरीकडं. बाहेरून चुंबक लावा लागत नाई. अणू जेवढा जड तेवढा त्याचा धाक जास्त, म्हणून तांब्यात हे दिसल्या न दिसल्यासारखं, आणि प्लॅटिनममध्ये चांगलं दिसते."

"पण दोन्हीकडं सारखीच माणसं गेली, तं मोजाचं काय?"

"हा!" ती खूश झाली. "समजा बसमध्ये सगळे आरमोरीवालेच आले. मंग?"

"मंग एकाच बाजूले गर्दी."

"ती गर्दी म्हंजे व्होल्टेज. ते आपण मोजाचं."

विज्ञानाची एवढी सोपी शिकवणी मला तेहतीस वर्षांत कुणी दिली नव्हती. आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, आणि पुढचं सगळं तिच्यावरच आहे. प्लॅटिनममध्ये आरमोरीवाले डावीकडे वळतात असं धरलं, तर टंगस्टनमध्ये तेच लोक उजवीकडे वळतात. एकात व्होल्टेज अधिक आलं तर दुसऱ्यात उणे येणार.

सगळे आरमोरीवालेच बसमध्ये भरायचे कसे, त्याची युक्ती अशी. गार्नेट नावाच्या चुंबकीय स्फटिकाची नखाएवढी एक चकती घ्यायची. तिच्यावर प्लॅटिनमचा थर, केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाएवढा. हे थर दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत बनायचे आणि टपालानं डबीत यायचे. चकती वरून तापवायची, खालून थंड ठेवायची आणि बाजूनं चुंबक लावायचं. उष्णता वरून खाली जाताना गार्नेट आणि प्लॅटिनम यांच्यात स्पिनची ये-जा होते, आणि प्लॅटिनममध्ये आडवं व्होल्टेज उभं राहतं. किती? भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलच्या लाखाव्या भागाएवढं. ते मोजायचं मीटर आमच्या विभागातली सगळ्यात नाजूक वस्तू. त्याच्यासाठी खोलीत एसी बसवला होता. तेहतीस वर्षं आमच्यासाठी कुणी बसवला नव्हता.

वरची बाजू तापवायला मी एक छोटा हीटर केला, बरोबर चाळीस अंशांवर थांबणारा. खाली तांब्याचा ठोकळा, त्याला भोक पाडून त्यातून नळाचं पाणी फिरवलं. वरच्या आणि खालच्या तापमानासाठी एकेक तापमापक. जानेवारीत आम्ही पहिलं प्लॅटिनम लावलं. खाली पाणी बावीस अंश, वर चाळीस. काटा हलला, आकडा अधिक आला. जगात सगळीकडे जसा येतो तसाच आमच्या ब्रह्मपुरीतही आला. पल्लवीनं पेढे आणले आणि मी एक पेढा मीटरसमोर ठेवला.

फेब्रुवारीत ठोकळा पुसताना माझ्या हातून खालचा तापमापक तुटला.

नवीन मागवायचा तर मागणीपत्र, तीन सह्या, दोन महिने. मी विचार केला, खाली पाणीच फिरतंय. पाणी ते पाणी, त्याला काय होतंय? नोंदवहीत मी बावीस लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली 'वरीलप्रमाणे' म्हणून दोन टिंबं दिली. तिसऱ्या दिवशीही टिंबं. पल्लवी वरचे आकडे आणि व्होल्टेज घ्यायची, खालचा रकाना माझ्याकडे होता. तापमापक तुटल्याचं मी कुणाला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, पण सांगायचंही राहून गेलं, आणि पुढे पुढे सांगायला जास्तच जड जात गेलं.

एप्रिलच्या शेवटी त्या संस्थेकडून नवी डबी आली. त्यात प्लॅटिनमचे आणखी पातळ थर होते. मे महिन्यात पल्लवीनं पहिला लावला. काटा हलला आणि आकडा उणे आला.

तिनं मीटर बंद करून पुन्हा लावलं. मग म्हणाली, "भाऊ, वायर उलटी लावली का?"

मी वायर तपासली. बरोबर होती. चुंबकाची दिशा तपासली, तीही बरोबर होती. दुसरा थर लावला. उणे. तिसरा. उणे. सलग दोन आठवडे दर दुपारी प्लॅटिनम टंगस्टनसारखं वागत होतं.

मॅडम म्हणाल्या, "जानेवारीतला जुना थर पुन्हा लावून पाहा." जुन्या थराच्या वायरी निघाल्या होत्या. त्या पुन्हा चिकटवायला चांदीची पेस्ट लागते, हात स्थिर लागतो आणि पूर्ण दिवस जातो. मी म्हटलं, "करतो मॅडम," आणि रोज उद्यावर ढकललं.

तेवढ्यात पल्लवीच्या डोक्यात कल्पना पक्की बसली, की थर पातळ होत गेला की प्लॅटिनम आपली दिशा बदलतं. असं कुणी आधी पाहिलं नव्हतं. हैदराबादला परिषद होती. तिनं तिथं निबंध पाठवला आणि तो मान्य झाला. गावातल्या फ्लेक्सच्या दुकानात तिचं पोस्टर छापायला गेलं. दुकानदारानं वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या दोन बॅनरमध्ये ते वाळत घातलं होतं, आणि सवयीनं खाली 'शुभेच्छुक' असं लिहिलं होतं. पल्लवीनं ते खोडायला लावलं. "राहू दे ना," मी म्हटलं, "माझं नाव टाक त्यात." ती इतकी हसली की मला बरं वाटलं. बुधवारी तिला बल्लारशावरून गाडी होती.

त्याआधीच्या शनिवारी दुपारी मी एकटाच जुन्या थराच्या वायरी चिकटवत बसलो होतो. विभाग झाडायला येणाऱ्या शेवंताबाई बादली घेऊन आल्या आणि दारातच बादली आपटली.

"मी नाई पुसत आज फरशी."

"काऊन?"

"हात घालून पाहा त्याच्यात. टाकीचं पाणी आहे का चुलीवरचं? काल बोटं भाजली माही. सक्काळी येते तवा बरं रायते, दुपारून नळाले हात लावाची सोय नाई."

मी बादलीत हात घातला आणि लगेच काढला. गच्चीवरची काळी टाकी, मे महिना, चंद्रपूर जिल्हा. ज्या नळाचं पाणी बादलीत होतं, त्याच नळाचं पाणी माझ्या तांब्याच्या ठोकळ्यातून फिरत होतं.

रसायनशास्त्र विभागातून तापमापक मागून आणला. पाणी बावन्न अंश.

वरचा हीटर चाळीसवर, खालचा 'थंड' ठोकळा बावन्नवर. उष्णता खालून वर जात होती. आमची बस मागच्या गिअरमध्ये चालली होती, मग माणसं दुसऱ्या बाजूला उतरणारच. पेस्ट वाळल्यावर मी जुना थर लावला, तोच ज्याच्यासाठी जानेवारीत पेढे वाटले होते. आकडा उणे आला.

प्लॅटिनमनं काहीही बदललेलं नव्हतं. मी लिहिलेली टिंबं खोटी होती.

शेवंताबाई विचारत होत्या, "काय झालं भाऊ? तोंड काऊन असं केलं?"

"काई नाई. तुमचं बरोबर आहे, आज नका पुसू."

रविवारी मी घरी होतो. शेजाऱ्यांचा पंखा दुरुस्तीला घेतला आणि पाती उलटी बसवली. बायको, नसीम, स्वयंपाकघरातून पाहत होती. "हवा छताले देऊन राह्यला हा पंखा," म्हणाली. "सांगून टाका काय आहे ते."

मी सांगितलं. तिनं विचारलं, "नाई सांगितलं तं कोणाले समजंल?"

हा प्रश्न मी आदल्या दिवसापासून स्वतःला विचारत होतो. कुणालाच कळलं नसतं. महिन्याभरात पाऊस पडला असता, टाकी गार झाली असती, आकडे पुन्हा अधिक आले असते. तीस जूनला माझा नारळ आणि शाल. पण त्याच्या आधी ती मुलगी हैदराबादला शंभर शास्त्रज्ञांसमोर उभी राहून सांगणार होती की तिनं नवीन गोष्ट पाहिली. आणि आज ना उद्या कुणीतरी तिचा प्रयोग करून पाहणार होतं, गार पाण्यानं.

"तिले समजंल," मी म्हटलं. "उशिरा समजंल, पण तिलेच समजंल."

सोमवारी मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. मॅडम आणि पल्लवी दोघी आल्यावर नोंदवही उघडून टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तापमापक कधी तुटला, टिंबं कधीपासून, पाणी किती अंश, जुन्या थराचा आकडा काय. बोलताना माझी नजर एसीवर होती.

मॅडमनी एवढंच विचारलं, "जानेवारीचे आकडे खरे आहेत?"

"तुटायच्या आधीचे सगळे खरे आहेत मॅडम. अल्लाशपथ."

पल्लवीनं नोंदवही स्वतःकडे ओढली. एकेक पान उलटत टिंबांवरून बोट फिरवत गेली. मग म्हणाली, "भाऊ, मी तुमच्याच भरोशावर होते ना." आणि बाहेर निघून गेली.

तेहतीस वर्षांत माझ्यावर प्राचार्य ओरडले, विद्यार्थी ओरडले, एकदा तर चुकून शॉक लागलेला तपासणी अधिकारीही ओरडला. त्यातलं काही आठवत नाही. हे वाक्य आठवतं, आणि ती ओरडली नव्हती.

मॅडम मला म्हणाल्या, "रशीदभाऊ, बसा. चूक तिचीही आहे, माझीही आहे. खालचा आकडा आम्ही एकदाही पाहिला नाही. पण आता रडायला दोनच दिवस आहेत, आणि कामालाही तेच दोन."

अर्ध्या तासानं पल्लवी परत आली. तोंड धुतलेलं होतं. माझ्याकडे न पाहता मॅडमना म्हणाली, "टाकीचं पाणी दुपारून बावन्न आहे. मले त्याच थराले गार पाणी पण लावाचं आहे. एकाच दिवशी. दोन्हीकडून मोजते."

मग जे झालं ते मला आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं. मी नगरपरिषदेसमोरच्या गोळेवाल्याकडून बर्फाची लादी आणली. घरचा माठ आणला. माठातून एक नळी, टाकीकडून एक नळी, मध्ये बागेत वापरतात तसली तोटी. तोटी इकडे केली की ठोकळ्यात बर्फाचं पाणी, तिकडे केली की टाकीचं. रसायनशास्त्राचा तापमापक ठोकळ्यात पक्का बसवला आणि या वेळी आकडे पल्लवीनं स्वतःच्या हातानं लिहिले. मी फक्त तोटी फिरवत होतो.

बर्फ, अधिक. टाकी, उणे. बर्फ, अधिक. टाकी, उणे. मधे एकदा दोन्ही पाणी मिसळून ठोकळा बरोबर चाळीसवर आणला, तर काटा शून्याशी जाऊन बसला आणि तिथंच राहिला. शेवंताबाई माठात पाणी ओतत होत्या. त्यांनी विचारलं, "हे काय खेळून राह्यले तुम्ही?" पल्लवी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. "मावशी, तुमच्या बोटानं जे पकडलं तेच आम्ही मशीननं पाहून राह्यलो."

मंगळवारी टंगस्टनचा थर लावला. सगळं बरोबर उलटं आलं. बर्फावर उणे, टाकीवर अधिक. नव्या पातळ थरांचे आकडेही अधिकच आले. शोध गेला, पण आकडे इतके स्वच्छ होते की मॅडम दोनदा चष्मा पुसून पाहत होत्या.

फ्लेक्सचं पोस्टर बाद झालं. पल्लवीनं ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर हातानं नवीन काढलं, त्यात माठसुद्धा काढला. परिषदेला आधी कळवून तिनं निबंधाचं नाव बदललं. फ्लेक्स शेवंताबाईंनी मागून नेला. पुढं पावसाळ्यात मी त्यांच्या घरावरून गेलो तेव्हा तो सरपणावर झाकलेला होता, प्लॅटिनमचे उणे आकडे रस्त्याकडे तोंड करून.

हैदराबादहून आल्यावर ती सरळ माझ्या टेबलाशी आली. "भाऊ, सगळ्यात जास्त गर्दी आपल्या माठापाशी होती," म्हणाली. ज्यांनी थर बनवले होते ते सरही तिथं भेटले. उणे आकड्यांबद्दल तिनं त्यांना आधीच कळवलं होतं, तेव्हापासून आपलं मशीन बिघडलं या काळजीनं त्यांना झोप नव्हती म्हणे. 'आपल्या माठापाशी' यातला 'आपल्या' मी नीट ऐकून घेतला. त्यानंतर ती पूर्वी माझ्यावर सोपवायची ती कामं पुन्हा सोपवू लागली, पण खालचा रकाना कधीच दिला नाही. मीही मागितला नाही. ठीकच होतं ते.

मी निवृत्त झालो. दोन वर्षांनी गडचिरोलीला तिची खुली मौखिक परीक्षा होती. मॅडमनी फोन केला म्हणून मी सकाळच्या बसनं गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो. परीक्षक बाहेरचे, वयस्कर, बोलायला तुटक. तिच्या प्रबंधात एक परिशिष्ट होतं, बाद केलेल्या मोजमापांचं. पुष्कळ लोक असलं परिशिष्ट घालत नाहीत. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं.

"एवढ्या नोंदी बाद का केल्या?"

तिनं पाण्याची सगळी हकीकत सांगितली. नाव घेतलं नाही.

"चूक तुम्हाला सापडली कशी?"

"सर, ज्यांच्या हातून झाली त्यांनीच येऊन सांगितली. परिषदेला निघायच्या दोन दिवस आधी."

"कोण ते?"

ती समोरची पानं सारखी करू लागली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाटलं, आता इथं लपून बसलो तर ते दुसरी टिंबं लिहिल्यासारखं होईल. मी उभा राहिलो. "मी सर. रशीद शेख. परिचर होतो."

सभागृहातली डोकी वळली. परीक्षक माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं झापतील, आणि माझी तयारी होती.

"किती दिवस लागले सांगायला?" त्यांनी विचारलं.

"समजल्यावर दोन दिवस सर. त्याच्या आधी तीन महिने."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझं एक असंच कोष्टक आहे," ते हळूच म्हणाले. "छापून गेलंय. मला अजून जमलेलं नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला, मला हातानं बसायची खूण केली आणि पल्लवीला म्हणाले, "हं, डॉक्टर गेडाम, पुढचं पान."

परीक्षा अजून अर्धीही झाली नव्हती.